पोटमाळ्यावरचे पितळ: न विकलेल्या भंगाराचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. घरातल्या कर्त्या बाईला इथे आक्का म्हणू. वस्तीतही तिला याच नावाने हाक मारतात.

बहात्तरच्या दुष्काळात आक्काचे आईवडील मराठवाड्यातले गाव सोडून पुण्यात आले. आई कचराकुंड्यांवर कागद, काच, पत्रा वेचायची आणि आक्का पोत्याचे एक टोक धरून तिच्यामागे चालायची. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि वेचक बायकांना ओळखपत्र, संघटना, हक्काची भाषा मिळाली. पुढे २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन 'स्वच्छ' सहकारी संस्थेमार्फत घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम सुरू झाले. वेचकांना कचरा व्यवस्थापनात सामावून घ्यावे, असे केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीही सांगितले. आक्का अशाच बदलातून कुंडीवरून दारावर आली. सकाळी जोडीदारणीबरोबर ठरलेल्या इमारतींचा कचरा घ्यायचा, शेडमध्ये बसून ओला-सुका वेगळा करायचा, विकण्याजोगा माल दुपारी भंगाराच्या दुकानात घालायचा, हा तिचा दिवस. थोरला मुलगा हातगाडी घेऊन फेरी करतो आणि लोकांकडून रद्दी, भंगार विकत घेतो. सून दोन सोसायट्यांमध्ये झाडलोट करते. नात तेव्हा दहावीत होती, नातू धाकटा.

घर म्हणजे टेकडीच्या उतारावरची एक खोली, वर फळ्यांचा पोटमाळा. त्या पोटमाळ्यावर आणि खाटेखाली वर्षानुवर्षे साठलेल्या वस्तू होत्या. आक्काने वेचलेल्या, पण दुकानात न घातलेल्या.

साठा वाढायला एक बाहेरचे कारणही होते. तिच्या भागातले जुने बंगले आणि तीनमजली सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जात होत्या. माणसे दोन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जाताना आजीच्या काळातले सामान सोडून जातात. तांब्याचा बंब, घंगाळ, समई, पुरणयंत्र, पानाचा डबा, पितळी स्टोव्ह. नव्या फ्लॅटमध्ये गिझर असतो, बंबाला जागा नसते. निघायच्या आदल्या रात्री हे सगळे जिन्याखाली येते आणि सकाळी कचरा न्यायला आलेल्या बाईला सांगितले जाते, "हेही घेऊन जा गं."

अडचण

२०२३ च्या पावसाळ्यात तीन गोष्टी एकदम समोर आल्या.

पहिली घरातली. पत्रा गळू लागला, पोटमाळ्यावरची पुस्तके भिजली, फळ्या वाकल्या. नातीची दहावी आणि तिला पाय दुमडून बसायलाही कोपरा नाही. सुनेने पहिल्यांदाच सासूला तोंडावर सांगितले की एकतर सामान जाईल, नाहीतर ती मुलांना घेऊन माहेरी जाईल.

दुसरी दुकानातली. नातवाच्या आजारपणात मुलाने दुकानदाराकडून १५,००० रुपये उचल घेतली होती. भंगाराच्या धंद्यात उचलीला कागदावर व्याज नसते. माल दुसरीकडे घालायचा नाही, एवढीच अट असते. पण आक्का पितळ-तांबे दुकानात नेत नाही हे दुकानदाराच्या लक्षात आले होते. जिच्या इमारती तुटताहेत तिच्या पोत्यात कधी पितळ येत नाही, याचा त्याने लावलेला अर्थ सरळ होता: माल चोरून दुसऱ्या दुकानात जातोय. त्याने भाव आणखी खाली ओढला.

तिसरी चौकीतली. शेजारच्या एका इमारतीत पितळी नळांची चोरी झाली. चौकशी भंगारवाल्यांकडे वळणे ठरलेलेच. मुलाच्या गाडीत दोन पितळी नळ सापडले. कोणाकडून घेतले, हे त्याला सांगता येईना. ते नळ चोरीचे नव्हते, एका प्लंबरने बदलून दिलेले जुने होते, पण हे सिद्ध होईपर्यंत तो अर्धा दिवस चौकीत बसून राहिला. चोरीची वस्तू आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला कारण असूनही ती घेणे वा जवळ ठेवणे हा गुन्हा आहे. तेव्हा भारतीय दंड संहितेचे कलम ४११ होते, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ आहे. घरात पोटमाळाभर पितळ आणि त्याच्या नोंदीचा एक कागद नाही, ही धास्ती त्या दिवसापासून घरात शिरली.

आमच्याकडे, म्हणजे वस्तीत वेचकांबरोबर काम करणाऱ्या गटाकडे, आली ती सून. मुलाचे म्हणणे होते, "आईला समजवा, सगळं विकू." आक्काचे म्हणणे होते की यात समजावण्यासारखे काही नाही.

साठ्यात काय होते

एका रविवारी सगळे सामान उतरवून ओट्यावर मांडले. हे करण्याआधी कोणताही सल्ला द्यायचा नाही, असे ठरवले होते आणि ते योग्य ठरले. बाहेरून पाहणाऱ्याला तो एक ढीग वाटत होता. आक्काला मात्र एकेका वस्तूची हकीकत ठाऊक होती. कोणत्या इमारतीतून, कोणाच्या घरून, का ठेवली, सगळे. नात वहीत लिहीत गेली.

तिच्या उत्तरांत तीन कारणे पुन्हा पुन्हा येत होती. "लागंल." "मोडवत न्हाई." आणि "माझं न्हाई त्ये."

"लागंल" या कारणाने ठेवलेल्यांत घरच्या वापराच्या वस्तू होत्या: मिक्सरची भांडी, पंखा, दप्तरे, चादरी, शिट्टी नसलेला कुकर. घरातली जवळजवळ प्रत्येक वापरती वस्तू अशीच आलेली. टेबलफॅन, नातवाची सायकल, सुनेची इस्त्री. त्यामुळे "हे कचऱ्यातले सामान कशाला ठेवता" हा प्रश्न या घरात विचारणेच चूक. या ठेवण्यावर घर चालले होते. मात्र त्याच ढिगात बंद टेपरेकॉर्डर, चार्जरचे गुंते आणि जुन्या मोबाइलची पिशवीही होती. दोन मोबाइलच्या बॅटऱ्या फुगलेल्या होत्या. हा ऐवज चुलीपासून चार हातांवर झोपण्याच्या जागेत होता. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. ती पिशवी त्याच दिवशी बाहेर काढली आणि पुढे संघटनेमार्फत ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला दिली.

"मोडवत न्हाई" म्हणजे पितळ आणि तांबे. दुकानात घंगाळ गेले की आधी त्याच्या कड्या काढतात, मग घण घालून ते चेपतात, कारण चेपलेले जागा कमी घेते. चेपल्यावर घंगाळ आणि फुटका नळ यांचा भाव एकच, किलोवर. आक्का म्हणाली, "माझ्या म्होरं समई ठेचली त्यानं. देवाम्होरची समई. तवापासनं न्हाई नेत." याच शहरात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, किसण्या, स्वयंपाकघरातली भांडी आयुष्यभर जमवली आणि पुढे तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. आज लोक तिकीट काढून तो बघतात. आक्काच्या पोटमाळ्यावरचे अडकित्ते त्याच जातीचे होते. संग्रह कोणाच्या घरात आहे यावर त्याला ठेवा म्हणायचे की पसारा, हे ठरते, आणि मला हे मनापासून खटकते.

पण आक्काच्या पितळामागे फक्त माया नव्हती. खोदून विचारल्यावर ती म्हणाली की पैसा घरात टिकत नाही, कोणी ना कोणी मागतो, पितळ कोणी मागत नाही. दोन समया, परात आणि डब्यांची उतरंड तिने नातीच्या रुखवतासाठी बाजूला काढली होती. ती तिची बचत होती, आणि धातूचे भाव बघता वाईट बचत नव्हती.

"माझं न्हाई त्ये" हा ढीग सगळ्यांत लहान, एका पत्र्याच्या ट्रंकेत मावणारा. आक्काला वाचता येत नाही, पण कागदावर गोल शिक्का दिसला की ती तो रद्दीत घालत नाही. अंगठ्याने शिक्का चाचपते आणि कागद बाजूला ठेवते. अशा कागदांत गुणपत्रिका, एका माणसाचे पदवी प्रमाणपत्र, मुद्रांकावरचे खरेदीखत, जुने सातबारे, रेशनकार्डे, आधारच्या असंख्य झेरॉक्स प्रती, लग्नांचे तीन अल्बम आणि लाल फडक्यात बांधलेले मोडी कागदांचे एक बाड होते. त्याच ट्रंकेशेजारी देवांचे फोटो, तडा गेलेली बाळकृष्णाची पितळी मूर्ती आणि दोन टाक होते. लोक देव कचऱ्याच्या डब्याशेजारी वेगळ्या पिशवीत ठेवतात आणि त्यांच्या मनाचे समाधान होते. पुढचा प्रश्न कचरा उचलणाऱ्या बाईच्या पदरात पडतो. ती तरी देव वजनकाट्यावर कसे ठेवणार?

समोरचे पर्याय

मुलाचा पर्याय स्पष्ट होता: सगळे एकदम वजनावर घालायचे. ओट्यावर काटा लावून वजन केले. तांबे १६ किलो भरले, त्यातला १० किलोचा एकटा बंब. पितळ २४ किलो. तेव्हाच्या दुकानभावाने, तांबे ६४० आणि पितळ ४१० रुपये धरून, साधारण २०,००० रुपये होत होते. उचल फिटून वर काही हातात राहिले असते. निर्णय एका दिवसात झाला असता आणि घर मोकळे.

दुसरा पर्याय वस्तू वस्तू म्हणून विकण्याचा. बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, कसब्यातल्या तांबट आळीत अजून भांडी ठोकणारे कारागीर आहेत, शिवाय फार्महाउस आणि हॉटेलांच्या सजावटीसाठी जुने पितळ शोधणारे लोक हल्ली बरेच. इथे भाव जास्त मिळू शकतो, पण वेळ जातो. विकणाऱ्याला ओळख लागते, आणि भंगारवाल्याच्या हातात अखंड समई बघून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पहिला प्रश्न चोरीचा येतो.

तिसरा पर्याय आक्काचा. वस्तीच्या तोंडाशी एक पत्र्याची खोली महिना २,५०० रुपये भाड्याने मिळत होती. सामान तिथे न्यायचे. सुनेने वहीच्या मागच्या पानावर वर्षाचे भाडे मांडून दाखवले: ३०,००० रुपये, म्हणजे ठेवलेल्या धातूच्या किमतीपेक्षा जास्त. आक्काने स्वतःच तो विषय सोडला.

चौथा पर्याय आमच्यातल्या एकाने सुचवला होता, पुस्तकांचे वस्ती-वाचनालय. तुर्कस्तानात अंकाराच्या चांकाया भागात सफाई कामगारांनी टाकून दिलेल्या पुस्तकांचे ग्रंथालय केले आणि २०१७ मध्ये ते लोकांसाठी उघडले. कल्पना चांगली होती, पण तिथे नगरपालिकेची इमारत पाठीशी होती. इथे कोरडी भिंतसुद्धा नव्हती. भिजलेली पुस्तके रद्दीत गेली, चांगली पन्नासएक वस्तीतल्या अभ्यासिकेला दिली. त्यावर अधिक वेळ घालवला नाही.

निर्णयाचा पहिला क्षण: कोणाच्या वस्तू, कोणाचा शब्द

वाद पितळावर चालला होता, पण वहीत नोंदी वाढल्या तशी एक वेगळीच गोष्ट दिसली. ढिगात दोन प्रकारचा माल मिसळला होता. आक्काला फुकट मिळालेला आणि मुलाने फेरीवर पैसे मोजून घेतलेला. मुलगा एखादा जड तांब्या घेऊन आला की आक्का तो परस्पर वर चढवायची. मुलाच्या फेरीचे भांडवल मुळात दुकानदाराच्या उचलीतले. म्हणजे उचलीच्या पैशाने घेतलेला माल पोटमाळ्यावर अडकत होता आणि दुसऱ्या दिवशी फेरीला रोकड कमी पडत होती. मुलाचा राग इथून येत होता, आणि तो रास्त होता.

ठरले ते असे: मुलाने विकत घेतलेला माल मुलाचा, त्यावर आक्काचा हक्क नाही. तिला तो हवाच असेल तर घेतल्या भावाने पैसे देऊन ठेवून घ्यावा. आक्काला मिळालेला माल आक्काचा, तो तिच्या शब्दाशिवाय विकायचा नाही. आणि जागा सुनेची. वस्तू कोणाचीही असो, ती घरात कुठे आणि किती दिवस राहणार हे सून सांगेल. हा तिसरा नियम आक्काला सगळ्यांत कठीण गेला. पण ठेवण्याची किंमत रोज कोण मोजत होते, हे सुनेने सामान बाजूला सारून चूल पेटवून दाखवले, त्यानंतर तिने हरकत घेतली नाही.

निर्णयाचा दुसरा क्षण: उचलीचा हिशेब

आक्काचे मन वळले ते इथे. आम्ही आसपासच्या दोन दुकानांतले भाव विचारून आणले. पुठ्ठा, रद्दी, पत्रा या नेहमीच्या मालात तिच्या दुकानदाराचा भाव सरासरी दोन रुपयांनी कमी होता. आई आणि मुलगा मिळून दिवसाला असा तीसेक किलो माल घालत. म्हणजे रोजचे ६० रुपये, महिन्याचे २५ दिवस धरले तर १,५०० रुपये. १५,००० च्या बिनव्याजी उचलीवर शेकडा दहा दरमहा. दहा महिन्यांत मुद्दलाएवढी रक्कम भावातून गेली होती आणि मुद्दल जागच्या जागी होते.

नातीने हे मोठ्याने वाचले. आक्का गप्प बसली, मग तिने पुन्हा वाचायला सांगितले. पितळाचा भाव चढतो हे तिचे म्हणणे खरे होते, पण महिन्याला शेकडा दहाने पितळ चढत नाही. उचल डोक्यावर असताना पोटमाळ्यावर पितळ ठेवणे म्हणजे स्वतःची बचत दुकानदाराला खाऊ घालणे होते. ती म्हणाली, "मग उचल फेडायपुरतं काढा. समई काढायची न्हाई."

काय केले

आधी ट्रंक रिकामी केली. ज्या कागदांवर आक्काच्याच इमारतींचे पत्ते होते ते तिने स्वतः नेऊन दिले. पदवी प्रमाणपत्राचा मालक परदेशी होता, त्याच्या वडिलांनी ते घेतले. खरेदीखत ज्या घरचे होते तिथे वाटणीचा वाद चालू होता, म्हणून ते एकट्याच्या हातात न देता सोसायटीच्या सचिवासमोर, पोच लिहून घेऊन दिले. आधारच्या प्रती बारीक फाडून लगद्याच्या रद्दीत घातल्या. अल्बमपैकी एकाचाच मालक सापडला.

मोडी बाडाला एका जुन्या वस्तूंच्या दलालाने न वाचताच २,००० रुपये देऊ केले होते. मुलाला ते घ्यायचे होते. इथे थोडे थांबावे लागले. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मूल्याच्या हस्तलिखिताला ७५ वर्षे आणि इतर वस्तूंना १०० वर्षे झाली की ती पुराणवस्तू ठरू शकते, आणि तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. मोडी वाचणाऱ्या एका अभ्यासकाला बाड दाखवले. बरेचसे घरगुती देण्याघेण्याचे हिशेब आणि एका जमिनीचे गहाणखत निघाले. पुण्यात १९१० मध्ये इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते अशाच, घराघरांत कसरीच्या तोंडी जाणाऱ्या कागदांसाठी. आमच्या सल्ल्याने आक्काने बाड कागद जतन करणाऱ्या एका संस्थेला दिले. पैसे मिळाले नाहीत. तिचे नाव देणगीदार म्हणून नोंदवहीत लिहिले गेले, आणि ते नीट लिहिले आहे ना हे नातीने तपासले.

मग धातू. फुटकी कळशी, तारा आणि चिरलेले डबे वजनावर गेले: तांबे ३ किलोचे १,९२० आणि पितळ ७ किलोचे २,८७०. पाच किलोचे पितळी घंगाळ मुलाने रविवारी जुन्या बाजारात नेले. दिवसभर बसून २,२०० रुपये आले. वजनावर २,०५० आलेच असते. दीडशे रुपयांसाठी सातशेची फेरी बुडाली.

बंबाचे उलट झाले. तांबट आळीतल्या कारागिराने तो बघितला. मधली नळी जळून पातळ झाली आहे, पण अंग शाबूत आहे, पन्नास-साठ वर्षांचा असावा, असे त्याने सांगितले आणि एका गिऱ्हाइकाशी गाठ घालून दिली. दीड महिन्याने बंब ९,५०० रुपयांना गेला, वजनावर त्याचे ६,४०० झाले असते. एकूण १६,४९० रुपये जमले. उचल फेडली आणि दुकानदाराकडून फेडल्याची चिठ्ठी घेतली. भाव आपोआप वाढला नाही. आक्काने तीन दिवस माल दुसऱ्या दुकानात घातला, तेव्हा चौथ्या दिवशी तो दीड रुपयाने वाढला.

नळांच्या प्रकरणानंतर मुलगा खिशात वही ठेवू लागला होताच. तिला आता रकाने आले: तारीख, इमारत, वस्तू, देणाऱ्याचे नाव किंवा फोन, दिलेले पैसे. अखंड धातूची वस्तू असेल तर मोबाइलवर फोटो. देणाऱ्याने नाव सांगायला नकार दिला तर ती वस्तू घ्यायची नाही.

देवांचे फोटो चौकटीतून सोडवून काच आणि लाकूड वेगळे केले. कागद वस्तीतल्या देवळाच्या पुजाऱ्याने निर्माल्याबरोबर घेतला. मूर्ती आणि टाक आक्काने ठेवले. त्यावर कोणी काही बोलले नाही.

निष्पत्ती

२०२४ च्या दिवाळीत पुन्हा बसून पाहिले तेव्हा पोटमाळा अर्धा रिकामा होता. फळ्या बदलल्या होत्या आणि खाली नातीचे टेबल होते, तेही एका सोडलेल्या फ्लॅटमधूनच आणलेले. ती दहावी पास होऊन अकरावीला गेली होती. नवी उचल घेतलेली नव्हती. आक्काने संघटनेच्या पतसंस्थेत आवर्ती ठेव सुरू केली होती, पण पितळही पूर्ण थांबले नव्हते. वहीत तीन नव्या नोंदी होत्या. चादरी आणि साड्यांचा ढीग मात्र पुन्हा जवळजवळ तेवढाच झाला होता, कारण मिळालेले कापड ती नाकारूच शकत नाही.

एक नुकसान भरून न येणारे झाले. पहिल्या विक्रीच्या गडबडीत पानाचा डबा, आत चुन्याची डबी आणि कातरकाम केलेले झाकण असलेला, चिरलेल्या डब्यांबरोबर दुकानात गेला. आक्काने तो वेगळा काढला होता. मुलगा म्हणतो, सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुकानात धावत गेले तोवर माल पुढे गेला होता. तो डबा तिला एका म्हाताऱ्या बाईंनी हातात दिला होता, कचऱ्यात टाकला नव्हता. मायलेकांत त्यावरून अजून बोलाचाली होते.

वेगळे काय करता येईल

विकायच्या वस्तूंची यादी करून ती काट्यावर जाण्याआधी दोघांनी बघणे, एवढी साधी पायरी पानाचा डबा वाचवू शकली असती. नोंद ठेवण्याची यादी होती, विकण्याची नव्हती.

बंबासाठी दीड महिना थांबणे बरोबर होते का, यावर आमच्या गटात आजही एकमत नाही. जास्तीचे ३,१०० रुपये आले, पण त्या दीड महिन्यात पडलेल्या भावामुळे २,२५० रुपये गेले. हातात राहिले ८५०. माझ्या मते थांबणे चालले, पण बंब मोडला नाही म्हणून. पैशाच्या हिशेबाने ते जेमतेमच होते. ज्या घरावर उचल आहे तिथे आधी कुठूनतरी कमी व्याजाचे पैसे उभे करून उचल फेडावी आणि मग वस्तू सावकाश विकावी. पतसंस्थेचे कर्ज त्या वेळी मागितले असते तर ते मिळण्यासारखे होते.

सुनेला बोलायला पहिली बैठक मिळायला हवी होती. तिच्याशी स्वतंत्रपणे बोलणे झाले ते रविवारनंतर, आणि सामान हलवताना तिला किती त्रास होतो हे सगळ्यांत उशिरा कळले. अशा प्रकरणांत वेचणारी बाई आणि विकणारा मुलगा यांच्या मध्ये घर चालवणारी तिसरी व्यक्ती असते, तिच्यापासून सुरुवात करावी.

दहावीतल्या मुलीवर सगळ्या नोंदींचा भार टाकणेही टाळता येईल. वहीऐवजी चित्रांचे रकाने असलेला छापील तक्ता आता दोन शेडमध्ये वापरून पाहत आहोत. समई, तांब्या, नळ, पंखा अशी चित्रे आणि पुढे खूण करायला चौकोन.

उरते ती जागा. वर्गीकरणाच्या शेडमध्ये ओल्या-सुक्याला जागा असते, पण "वापरण्याजोगे" असा कप्पा नसतो. म्हणून अशी वस्तू एकतर काट्यावर जाते, नाहीतर वेचणाऱ्या बाईच्या घरात. आक्काच्या भागात अजून चार इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्यांच्या समित्यांकडे दोन गोष्टी मागितल्या आहेत: रिकामे करण्याच्या आठवड्यात पार्किंगमधली एक मोकळी जागा, आणि सोडलेल्या वस्तू दिल्याची सही-शिक्क्याची एक ओळ. दोन समित्यांनी होकार दिला आहे, बाकीच्या दोघींची सभा दिवाळीनंतर आहे.